होयचे बहुमत

मागच्या विधानसभा निवडणुकीत मी आयुष्यात पहिल्यांदा जाहीर सभेत प्रश्न विचारला आणि त्यानंतर तीन दिवस तात्या माझ्याशी बोलले नाहीत.

तात्या म्हणजे माझे वडील. शिक्षण सातवी. आई गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे, तिचेही शिक्षण तेवढेच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी काही शहाणपणाचे बोलले तर ते कॉलेजचे आणि वेड्यासारखे बोलले तर तेही कॉलेजचेच, असा घरचा हिशेब आहे. गाव बारामती-इंदापूर रस्त्यापासून थोडे आत, लासुर्णे आणि अंथुर्णे यांच्यामधल्या पट्ट्यात. तालुका इंदापूर, कॉलेज बारामतीला, सकाळची एस.टी. चुकली की पहिला तास गेलाच. आमचा आमदार इंदापूरचा असतो आणि खासदार बारामतीचा, म्हणून २०२४ साली आम्हाला दोन्हीकडच्या निवडणुका पाहायला मिळाल्या. लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर उभ्या होत्या, विधानसभेला काका-पुतणे. दिल्लीचे कॅमेरे भिगवण चौकात येऊन उभे राहिले. इंदापुरातही चुरस कमी नव्हती. एस.टी.त कंडक्टरसुद्धा तिकिटाच्या आधी 'कोण येतंय?' असे विचारी.

ती कोपरासभा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली, मारुतीच्या देवळापुढची. कोणत्या उमेदवाराची, ते सांगण्याचे कारण नाही, प्रश्न कोणत्याही मंडपात तोच राहिला असता. वक्ता बाहेरून आलेला होता, बोलला झकास. शेवटी त्याने विचारले, "कुणाला काही विचारायचंय का?" असे विचारण्याची केवळ पद्धत असते, त्यावर खरोखर कोणी उठायचे नसते, हे मला ठाऊक नव्हते. मी प्रथम वर्षाला होते आणि राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी नुकताच राज्यघटनेचा अनुच्छेद १९५ सांगितला होता. मी उठले. बायकांच्या बाजूने एकटीच.

मी म्हटले, "आमदारांचा पगार किती असावा हे आमदारच ठरवतात. माझ्या आईचं मानधन तिला ठरवता येत नाही. तुमचे उमेदवार निवडून आले आणि पगारवाढीचं विधेयक आलं, तर ते काय म्हणतील, होय की नाही?"

वक्ता क्षणभर थांबला. मग हसून म्हणाला, "ताई, तुमच्या आईच्या खात्यावर दीड हजार जमा झाले का नाही? मग झालं तर!"

जोराचा हशा झाला. टाळ्याही पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या काकूसुद्धा हसल्या. मी खाली बसले आणि कान तापल्यासारखे झाले. लाडक्या बहिणीचे पैसे आणि माझा प्रश्न यांचा काय संबंध, हे मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावरही कळले नाही.

घरी आल्यावर तात्या एवढेच म्हणाले, "ऊस उभाय आपला. कळतंय का तुला? ऊस उभाय."

ज्यांच्या घरी ऊस नाही अशा वाचकांसाठी सांगायला हवे. त्या वर्षीचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता आणि मतदान २० तारखेला. आमचा दीड एकर आडसाली ८६०३२ तोडीला आला होता. कारखान्याकडे नोंद असली तरी टोळी तुमच्या रानात कधी येणार हे कागदावरच्या तारखेवर चालत नाही. चिटबॉयशी नमस्कार-चमत्कार ठेवावा लागतो, गावातल्या चार माणसांशी गोड राहावे लागते. आणि ती चार माणसे त्या सभेत पुढच्या रांगेत बसली होती. तात्यांचे म्हणणे असे की ऊस उभा असताना माणसाने बसून राहावे.

आमचा ऊस जानेवारीच्या अखेरीस गेला. आमच्याच आठवड्यात लागण केलेला शेजारचा फड महिनाभर आधी गेला होता. चिटबॉय म्हणाला, टोळ्या कमी आहेत, आणि टोळ्या कमी होत्या हेही खरेच. माझ्या प्रश्नामुळे उशीर झाला असे मी म्हणू शकत नाही आणि झाला नाही असे तात्यांना पटवू शकत नाही. तोवर उसाला तुरा आला होता. तुरा आलेला ऊस दिसायला सुंदर आणि वजनाला हलका. काट्याची पावती तात्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाच. तू शिकलेली हैस."

म्हणून हा लेख. त्या प्रश्नाची किंमत आमच्या घराने कदाचित टनात मोजली आहे, तेव्हा तो प्रश्न निदान नीट समजून घ्यावा असे मला वाटले.

अनुच्छेद १९५ अगदी साधा आहे. विधानसभेच्या आणि विधान परिषदेच्या सदस्यांना, राज्याचे विधानमंडळ वेळोवेळी कायद्याने ठरवील ते वेतन आणि भत्ते मिळतील. खासदारांसाठी असाच अनुच्छेद १०६ आहे. म्हणजे घेणारा तोच, ठरवणारा तोच. घटनाकारांनी दुसऱ्या कोणाकडे हे का सोपवले नाही, असे मी सरांना विचारले. सर म्हणाले, "सोपवायचं कोणाकडे? राज्यपालाकडे दिलं तर राज्यपाल आमदारांना वठणीवर आणील. कलेक्टरकडे देतेस का?" वर्ग हसला. पण या वेळी हसण्यात माझी चेष्टा नव्हती.

मुंबईत १९५६ पासून त्यासाठी कायदा आहे. त्याच्या नावातच 'वेतन व भत्ते' हे शब्द आहेत. आई अंगणवाडीत सकाळी मुले गोळा करते, झाडते, खिचडी शिजवते, भांडी घासते, मुलांची शीसुद्धा धुते. तिला मिळते त्याला मानधन म्हणतात. मंत्रालयात कोणी बसून हे शब्द असे वाटले असतील असे नाही, पण वाटले गेले आहेत खरे. जो राबतो त्याला मानधन आणि ज्याला मान मिळतो त्याला वेतन. २०२३ च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात मदतनिसांचे ४,४२५ रुपयांचे ५,५०० झाले. ते पुरेना म्हणून त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून राज्यभर संप झाला, तो ५२ दिवस चालला. आई एकदा दौंडहून गाडीने आझाद मैदानावर जाऊन आली. भाकरी बांधून नेली होती. आल्यावर मी विचारले, काय झाले? म्हणाली, "लई बाया हुत्या. पाय ठेवायला जागा न्हवती. पानी इकत घ्यावं लागलं." तिच्या दृष्टीने बातमी एवढीच होती. त्या दिवसांत भाकरी मी थापत होते आणि बारावीचा अभ्यास चुलीपुढे चालला होता.

आता २०१६ सालची गोष्ट. मी दहा वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे झाला होता, लातूरला रेल्वेने पाणी गेले होते, आणि आमच्याकडे आज्जी गाय विकायची की नाही यावर रोज रडत असे. मग ऑगस्टमध्ये, पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आमदारांच्या पगारवाढीचे विधेयक चर्चेविना मंजूर झाले. सुमारे ७५ हजारांचे १ लाख ७० हजारांच्या घरात गेले. माजी आमदारांचे निवृत्तिवेतन ४० हजारांचे ५० हजार झाले. आम्ही ही बातमी शेजारच्या टी.व्ही.वर पाहिली. मला आकडे कळत नव्हते, पण नाना (माझे चुलते) टी.व्ही.ला उद्देशून जे बोलले ते मला पाठ आहे. ते इथे छापता येणार नाही. त्याच वर्षी उसाची एफ.आर.पी. क्विंटलला २३० रुपये होती, आधीच्या वर्षीही २३०च होती. एका रुपयाचीही वाढ नाही.

इतके दिवस मी ही गोष्ट इथेच थांबवत असे. राग यायला एवढे पुरेसे होते.

यंदा आपल्या कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेला विषय निघाला, 'लोकप्रतिनिधींना भरघोस वेतन असावे'. मला प्रतिकूल बाजू हवी होती, सगळे भाषण तोंडपाठ होते. चिठ्ठी काढली तर अनुकूल! मी सरांना म्हटले, मला हे पटत नाही, मी कशी बोलू? सर म्हणाले, "पटत नाही ते वाच आधी." आणि ग्रंथालयातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी समग्र वाङ्मयाचा दुसरा खंड काढून दिला. माझे इंग्रजी बेताचे. शब्दकोश मांडीवर घेऊन चार दुपारी लागल्या.

त्यात ऑगस्ट १९३७ मधले मुंबई विधानसभेतले एक भाषण आहे. बाळासाहेब खेरांचे काँग्रेसचे मंत्रिमंडळ नुकतेच आले होते. कराचीच्या १९३१ च्या अधिवेशनात काँग्रेसने ठरवले होते की सरकारी नोकराला महिना पाचशे रुपयांहून अधिक पगार असू नये. त्याप्रमाणे मंत्र्यांनी स्वतःला पाचशेच लावून घेतले. म्हणजे आजच्या नेमके उलटे, सत्तेवर आल्याबरोबर कमी पगार! मला वाटले, बाबासाहेब या गोष्टीचे कौतुक करतील. तर ते विधेयकाच्या विरोधात उभे! मी पान उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचले, आपले इंग्रजी चुकले की काय म्हणून.

त्यांचे म्हणणे मला समजले ते असे. देश गरीब आहे एवढ्यावरून पगार ठरत नाही. ज्याच्या घरी काही नाही पण अंगी पात्रता आहे, अशा माणसाला ती जागा घेता आली पाहिजे, नाहीतर ती जागा पैसेवाल्यांचीच राहील. आणि कारभार स्वच्छ राहायचा तर माणसाला पोटाची विवंचना असून चालत नाही. त्यागाचा गवगवा ज्याला परवडतो त्यालाच करता येतो, हे माझे शब्द, त्यांचे नव्हेत.

हे वाचताना मला एकदम नानांची आठवण झाली. टी.व्ही.ला शिव्या देणारे हेच नाना एकदा आमच्या ग्रामपंचायतीत उपसरपंच होते. मानधन महिना हजार रुपये, तेही वेळेवर नाही. मीटिंगच्या दिवशी रोजगार बुडायचा, इंदापूरला पंचायत समितीत हेलपाटे घालायचे तर पदरचे पेट्रोल, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजावा लागे तो वेगळा. पहिल्या वर्षात दोन शेळ्या गेल्या. पाच वर्षे संपल्यावर लोक म्हणाले, पुन्हा उभे राहा. नाना म्हणाले, "आता शेळ्या न्हाईत." त्यांच्या जागी ज्यांचे दुकान, ट्रॅक्टर आणि दोन विहिरी आहेत असे गृहस्थ आले. माणूस वाईट नाही. पण त्यांना मानधनाची गरज नाही आणि मीटिंगची घाईही नाही.

तेव्हा स्पर्धेत मी अनुकूल बाजूने बोलले आणि बोलता बोलता मला ते पटले. शेळ्या विकून कोणाला आमदार होता येणार नाही. ब्रिटनमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खासदारांना पगारच नव्हता, तो १९११ मध्ये सुरू झाला. त्यासाठी तिथल्या मजुरांच्या चार्टिस्ट चळवळीने १८३८ पासून मागणी लावून धरली होती. म्हणजे आमदार-खासदारांचा पगार ही मुळात गरिबांची मागणी. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. परीक्षकांनी शेवटी विचारले, "मग वाढीला तुझा विरोध नाही तर?" मी 'नाही' म्हटले आणि जागेवर येऊन बसले. बसल्यावर वाटले, आपण खोटे बोललो. विरोध आहे. पण कशाला, ते सांगता येईना.

ते मला एस.टी.त कळले. वहीच्या शेवटच्या पानावर मी स्पर्धेसाठी तारखा लिहून ठेवल्या होत्या. जंक्शनला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा त्या वाचत बसले.

एका बाजूला आमच्या तारखा. पोलीस पाटलांचे मानधन वाढले मार्च २०२४ मध्ये, लोकसभेची आचारसंहिता लागण्याच्या आदल्या दिवसांत. सरपंच-उपसरपंचांचे दुप्पट झाले सप्टेंबर २०२४ मध्ये (नानांना मिळाले असते तर हजाराचे दोन हजार). अंगणवाडीवाल्यांचे वाढले त्याच सुमारास, आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. दुसऱ्या बाजूला त्यांच्या तारखा. आमदारांची वाढ ऑगस्ट २०१६, पुढची निवडणूक तीन वर्षे लांब. खासदारांचे १६ हजारांचे ५० हजार झाले ऑगस्ट २०१० मध्ये, निवडणूक होऊन जेमतेम सव्वा वर्ष. त्यांचे एक लाखाचे १ लाख २४ हजार झाल्याची अधिसूचना निघाली मार्च २०२५ मध्ये, लोकसभा होऊन वर्षही झालेले नव्हते, आणि वाढ मोजली गेली १ एप्रिल २०२३ पासून.

आमची वाढ निवडणुकीच्या आधी येते, त्यांची निवडणुकीनंतर. आमची लक्षात राहावी म्हणून आणि त्यांची विसरली जावी म्हणून. हे कोणी ठरवून केले असेल असे मी सिद्ध करू शकत नाही. चार-सहा तारखांवरून सिद्धान्त मांडू नये, असे सर म्हणतील. पण मी त्या एका पानावर बराच वेळ पाहत राहिले, आणि मारुतीच्या देवळापुढचा हशा मला तेव्हा समजला. 'दीड हजार मिळाले ना' हे माझ्या प्रश्नाचे उत्तरच होते. तुमची वाढ आम्ही दिली, आता आमची विचारू नका.

आणखी एक गोष्ट. एवढ्या चुरशीच्या निवडणुकीत उमेदवारांनी एकमेकांचे काय काय काढले नाही! घराणी काढली, संस्था काढल्या, 'खोके' तर दोन वर्षे गाजत होते. पण 'या माणसाने स्वतःच्या पगारवाढीला मत दिले' असा आरोप मी कोणत्याही व्यासपीठावरून ऐकला नाही. करणार कोण? करणाऱ्याच्या पक्षानेही तेच केलेले. शिवाय सभागृहात आवाजी मतदान असते. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे, आणि मग 'होयचे बहुमत' असे म्हणून विधेयक संमत झाल्याचे जाहीर करतात. कोण होय म्हणाले याची यादी राहत नाही. कोणी मतविभागणी मागितली तरच नावे नोंदली जातात. आमच्या गावात तंटामुक्तीच्या बैठकीलासुद्धा रजिस्टरवर सह्या होतात.

अमेरिकेत मात्र याच गोष्टीवरून निवडणुका तापतात. तुम्ही स्वतःला पगारवाढ दिली, असे एक उमेदवार दुसऱ्याला तोंडावर विचारतो. तिथे याबद्दल एक घटनादुरुस्तीच आहे, सत्ताविसावी, आणि तिची हकीकत वाचून मी ग्रंथालयात मोठ्याने हसले, ग्रंथपालांनी डोळे वटारले. जेम्स मॅडिसन यांनी १७८९ मध्ये सुचवले होते की सदस्यांच्या वेतनात बदल करणारा कायदा मधे एक निवडणूक झाल्याशिवाय लागू होऊ नये. वाढ करायची तर करा, पण लोकांपुढे जाऊन या आणि मग घ्या. ही दुरुस्ती पुरेशा राज्यांनी मान्य केली नाही आणि तशीच पडून राहिली. पुढे १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठात ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्याने तिच्यावर निबंध लिहिला, की ही अजूनही मंजूर होऊ शकते. त्याचे वय तेव्हा १९ आणि तोही दुसऱ्या वर्षाला! निबंधाला 'सी' श्रेणी मिळाली. तो चिडला आणि राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रे लिहीत सुटला. दहा वर्षे. १९९२ मध्ये ती दुरुस्ती मंजूर झाली, सूचनेला दोनशेहून अधिक वर्षे झाल्यावर. विद्यापीठाने त्याची 'सी' बदलून 'ए' केली ती २०१७ मध्ये. (आमच्या वर्गाच्या पुनर्मूल्यांकनाचे निकाल त्या मानाने लवकर लागतात.)

मला हाच नियम हवा आहे, हे तेव्हा लक्षात आले. पगार किती, याचे भांडण मला करायचे नाही. पण नोव्हेंबरातल्या त्या मंडपात वक्त्याला उत्तर द्यावे लागले असते, आम्ही वाढ मंजूर केली आहे, ती पुढच्या सभागृहाला लागू होणार आहे, बोला तुमचे काय म्हणणे. मग लोक हसले असते तर माझी तक्रार नव्हती.

दिल्लीने दुसराच रस्ता काढला. २०१८ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी जाहीर केले की खासदारांचे वेतन दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढेल, म्हणजे स्वतःच स्वतःची वाढ मंजूर केल्याची टीका नको. आपल्याकडे आमदारांचे वेतनही वरिष्ठ सचिवांच्या मूळ वेतनाशी जोडलेले आहे. यात बरे काय आणि वाईट काय, याबद्दल माझ्या मनाचा निर्णय होत नाही. स्वतःसाठी हात वर करण्याची पाळी येत नाही हे बरे. पण हात वर करताना थोडी तरी लाज वाटत असेल, तीही गेली. आणि महागाई निर्देशांक आईलाही लागू आहे, फक्त तो तिला किराणा दुकानात लागू होतो. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी आमदार-खासदारांनी वर्षभरासाठी ३० टक्के कपात स्वीकारली, हेही नोंदवले पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी लिहिले असे होईल.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर गेले होते. मी अकरावीत होते, तास बंद. तेव्हा बारामतीत मोर्चातल्या एका शिक्षकांच्या हातातल्या फलकावर लिहिले होते की आमदाराला पाच वर्षांवर पेन्शन आणि आम्हाला तीस वर्षांवर का नाही. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती. मी तो फलक आईला सांगितला. आई म्हणाली, "पेन्शन म्हंजी काम सोडल्यावर बी पैसं?" तिला ते खरे वाटले नाही. मग बऱ्याच वेळाने चुलीतले लाकूड मागे ओढत म्हणाली, "आन ह्यो आमदाराचा पगार ठरीवताना त्यास्नी कोन इचारतं, तुमी किती वाजता उठता म्हनून?"

हा लेख मी घरी वाचून दाखवला. ऊस पुन्हा उभा आहे, यंदाचाही. तात्यांनी गावाचे नाव गाळायला सांगितले, ते मी गाळले आहे. चिटबॉयचा उल्लेख त्यांना नको होता, पण तो माणूस तसा भला आहे आणि हे मासिक वाचणारही नाही, म्हणून ठेवला. वॉटसनची गोष्ट त्यांनी दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तंबाखू मळता मळता थांबले.

"धा वर्सं पत्रं लिवली म्हनतीस?"

"हो."

"त्येला शेती हुती का?"

मी म्हटले, "माहीत नाही."

"नसंल," तात्या म्हणाले, आणि मोटर चालू करायला उठले. वीज आली होती.